चौथी खुंटी

सोमाजी ढिवर पाण्याखाली एकशे दहा आकडे राहत असे. मी स्वतः तलावाच्या पाळीवर बसून मोजलेले आहेत, आणि शाळामास्तर असल्यामुळे आकडे मोजण्यापुरता तरी माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ऐंशीच्या पुढं गेलं की पाळीवरची माणसं उगीच उठून उभी राहायची. त्याची बायको चंदाबाई तेवढी बसून असायची. "येते थो," म्हणायची आणि तंबाखू मळत राहायची. मग तो यायचा, हातात लाकडी खुंटी घेऊन, आणि सगळ्यात आधी डावा कान झटकायचा.

त्याच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. लिहीत नव्हतो, कारण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते काही मिरवण्यासारखं नाही.

एकोणपन्नास साली जनपद सभेच्या शाळेवर नेमणूक होऊन मी सिंदेवाहीहून या गावात आलो. गाव सावलीपासून चार कोसांवर, वैनगंगेच्या बाजूला. दीडशे घरं, धानाची शेती, आणि शेतीच्या वरच्या अंगाला मालगुजाराच्या, म्हणजे इथल्या जमीनदाराच्या, पूर्वजांनी बांधलेला तलाव. तलावाचं पाणी नहरात सोडण्यासाठी पाळीच्या आतून दगडी तुडूम होतं. पाण्यात उभा केलेला दगडी चौकोन, त्याला एकाखाली एक चार भोकं, आणि प्रत्येक भोकात चिंध्या आणि चिखल लावून ठोकलेली हातभर लांबीची खुंटी. पहिली खुंटी काढली की वरचं पाणी शेतात जायचं. ते संपलं की दुसरी, मग तिसरी. चौथी अगदी तळाशी. ती फक्त गाळ काढायच्या वर्षी निघायची, एरवी तिला हात लावायचा नाही असा रिवाज होता. तिसरी खुंटी आटल्यावर जे छातीभर पाणी उरायचं ते उन्हाळ्यात गुरांचं, गावच्या विहिरींचं आणि ढिवरांच्या मासोळीचं.

खुंट्या काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या सोमाजीच्या घरात होतं. म्हणजे ज्याचं पोट तलावातल्या पाण्यावर, त्यानंच ते पाणी बाहेर सोडायचं. मला हे नवीन नवीन फार विचित्र वाटलं. मी त्याला विचारलंही.

"मंग कोन काढन?" तो म्हणाला. "दुसरा काढन त जास्तीची काढन."

बुटका, रुंद छातीचा, वाहत्या कानामुळे मान नेहमी उजवीकडं कललेली. दिवाळीच्या दंडारीत राणीचं काम त्याचंच असे, कारण गळा गोड. पण मिशी काढायला तो तयार नव्हता, त्यामुळे गावची राणी कायम पदर नाकापर्यंत ओढून राजाशी बोलायची, आणि राजा म्हणायचा, महाराणीला पडसं झालेलं दिसतं. लोक दरवर्षी त्याच जागी हसायचे.

ढिवरांची सोळा घरं. जाळं ओढलं की मासोळीचे वाटे सोमाजी करायचा. मोठी मरळ एका वाट्यात पडली तर तिच्या बदल्यात दुसऱ्यात किती बारीक टाकायची, याचा त्याचा डोळा पक्का होता. वाटे झाले की तो बाजूला व्हायचा आणि सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला स्वतः घ्यायचा. एक वाटा जाळ्याचा आणि एक ज्या घरी त्या दिवशी माणूस आजारी असेल त्याचा. त्याचं सगळं राजकारण काय ते एवढंच. पहिल्या निवडणुकीत त्यानं कोणाला मत दिलं हे मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "ज्याच्या डब्यापाशी गर्दी कमी होती त्याले."

बावन्न साली मालगुजारी जाऊन वर्ष झालं होतं. तलाव सरकारचा झाला होता, म्हणजे कोणाचाच राहिला नव्हता. मालगुजार नागपूरला राहायला गेले. त्यांचे दिवाणजी गुणवंतराव गावातच राहिले आणि पंचायतीचे सरपंच झाले. त्यांची चांगली जमीन नहराच्या शेपटाला, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं तिथं होती. त्या साली हत्तीचा पाऊस पडलाच नाही. धान पोटरीत आलं आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. एकेक करत तीन खुंट्या निघाल्या. तिसऱ्या खुंटीचं पाणी संपत आलं तेव्हा गुणवंतराव चौथी काढा म्हणू लागले, आणि ते ठरवायला त्यांनी गावाची सभा बोलावली.

एका संध्याकाळी सोमाजी माझ्याकडं आला. मला पाळीवर घेऊन गेला. म्हणाला, "गुरुजी, तुमाले हिसोब येते. हे पानी किती दिवसाचं आहे सांगा."

आम्ही तीन दिवस मोजत होतो. मी काठीवर खुणा केल्या, त्यानं बुडी मारून तळ कुठं किती खोल ते सांगितलं. चौथी खुंटी काढली तर बारा दिवसांत तलाव कोरडा पडणार होता. पण ज्या बांध्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, धान अजून जगण्यासारखं होतं तेवढ्यांनाच आळीपाळीनं पाणी दिलं, तर पाच दिवस पुरे होते. मग खुंटी परत ठोकायची. कमरेइतकं पाणी उरलं असतं. गुणवंतरावांचं शेपटाचं धान तसंही पिवळं पडलेलं, त्यात भेगा हात जाईल एवढ्या. तिथपर्यंत पाणी पोचवायचं तर अख्खा तलाव त्या भेगांत ओतावा लागला असता.

या हिशेबात कोणाचं काही लुटलेलं नव्हतं. धानही थोडं जगत होतं, मासोळीही थोडी जगत होती. मी गावात चार जणांजवळ बोलून पाहिलं. मुखरू पाटील, लटारू तेली, सगळे म्हणाले, बरोबर आहे गुरुजी, असंच व्हायला पाहिजे. सगळे म्हणाले, पण आपल्या अंगणात आणि हळू आवाजात.

"सभेत तुमी बोलान नं?" सोमाजीनं विचारलं. "मी बोललो त ढिवराचं पोट बोलून राह्यलं म्हनतीन. तुमचं त ना शेत ना जाळं."

"मी बोलेन," मी म्हणालो. त्यानं मान आणखी थोडी कलती केली, म्हणजे माझा शब्द चांगल्या कानानं ऐकला. घरी येऊन मी वच्छलेला, माझ्या बायकोला, मोठ्या ऐटीत सांगितलं की उद्या सभेत मीच बोलणार आहे.

आता भीतीचं सांगायला हवं. सिरोंच्याच्या पलीकडं, नदीपार तेलंगणात, लाल बावट्याची माणसं बंदुका घेऊन लढली होती. ते तोवर थंडावलं होतं, पण आमच्या जिल्ह्यात त्याचा धाक उरला होता. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या केंद्रावरच्या एका मास्तराला काढून टाकलं होतं. त्याच्या ट्रंकेत कुठलंसं वर्तमानपत्र सापडलं म्हणे. त्यानं ते चपला गुंडाळायला ठेवलं होतं, असं त्याची बायको सांगत फिरत होती. कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही, बाजारात ती दिसली तेव्हा मी मिरच्या बघत उभा राहिलो.

सभा शाळेच्या पडवीत भरली. नायब तहसीलदार येणार म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली, तांब्या भरून ठेवला. त्यांच्याबरोबर ठाण्याचा एक जमादारही आला. तो का आला हे कोणी विचारलं नाही. गुणवंतराव बोलायला उभे राहिले आणि पहिल्या चार वाक्यांतच त्यांनी काम फत्ते केलं.

"साहेब, गावात काही लोक पाण्याच्या वाटणीच्या गोष्टी करून राह्यले," ते म्हणाले. "वाटणीची भाषा नदीपलीकडची आहे. आज पाण्याची वाटणी, उद्या जमिनीची. आमच्या गावात असे लोक आहेत असं मी म्हणत नाही. असतील त्यांनी इथी बोलावं, साहेबांसमोर."

जमादारानं खिशातून पेन्सिल काढली. एवढंच. त्यानं काही धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही.

मुखरू पाटील आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. लटारू उठून चुना मागायला बाहेर गेला. माझ्या धोतराच्या सोग्यात तो हिशेबाचा कागद होता. आता बोलू, आता बोलू असं मी मनात म्हणत होतो. तोंड कोरडं पडलं होतं आणि समोर मीच भरून ठेवलेला तांब्या होता.

सोमाजी पडवीच्या खांबाशी उकिडवा बसला होता. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. माझी पाळी आहे आणि मी विसरलो की काय, अशा नजरेनं. बऱ्याच वेळानं तो उठला.

"मी खुंटी काढतो," तो म्हणाला. "पर पाच दिवसानं लावतो. ज्याचं धान जिवंत आहे त्याले पानी. बाकीचं पानी राहू द्याचं."

"कोणाच्या हुकुमानं लावशील?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हुकूम नाई. किती पुरते ते मले समजते, तेवढं सांगतो."

"हे तुले कोणी शिकवलं?" जमादारानं विचारलं. सोमाजी म्हणाला, "कोनी नाई." तेव्हा जमादार माझ्याकडं वळला. "गुरुजी, हा अडाणी माणूस दिवस मोजून सांगते, वाटणी सांगते. याच्या डोक्यात हे कुठून आलं? तुमाले काही माहीत?"

मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण जमादार माझ्याकडं बघतच होता, म्हणून मी पुढं म्हणालो, "तो काही माझ्या शाळेत येत नाही."

लोक हसले. नायब तहसीलदारही हसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा ढिवर शाळेत कसा येईल. सोमाजी खाली बसला. जमादारानं त्याचं नाव बापाच्या नावासकट लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमाजीनं चौथी खुंटी काढली. नाही म्हणाला असता तर सोपं झालं असतं, पण ज्यांचं धान जिवंत होतं त्यांच्यासाठी ती काढायला हवीच होती. पाच दिवस पाणी गेलं. सहाव्या दिवशी सकाळी, सगळे शेतावर असताना, त्यानं पुन्हा बुडी मारली आणि खुंटी ठोकली. वाहत्या भोकात खुंटी बसवणं म्हणजे हात गमवायची गोष्ट. त्याच्या उजव्या हाताचं सालटं कोपरापर्यंत निघालं. पोरं सांगायला आली तेव्हा मी पाढे घेत होतो. मी पाढे चालू ठेवले.

दुपारी त्याला धरून नेलं. गुन्हा काय तर सरकारी पाणी अडवलं. सभेत बोलला होता तेच त्यानं केलं होतं, आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा झालं. गुणवंतरावांनी माणसं लावून लोखंडी सब्बलीनं खुंटी फोडली. खुंटीबरोबर भोकाचा दगडही फुटला, त्यामुळे मग ते कोणालाच बुजवता येईना. आठवड्यात तलाव रिकामा झाला. गुणवंतरावांच्या भेगांनी सगळं पाणी पिऊन टाकलं आणि धान आलं ते पोचट.

तळाच्या चिखलात मासोळी तडफडू लागली तेव्हा अख्खं गाव टोपल्या घेऊन आत उतरलं. जत्रा भरल्यासारखं झालं. चंदाबाई पाळीवर बसून होती, ती उतरली नाही. शाळेतल्या एका मुलाच्या आईनं माझ्याकडं दोन मरळ पाठवल्या, हातभर लांब.

"करू का?" वच्छलेनं विचारलं.

"कर," मी म्हणालो.

तिनं रस्सा केला. वाढताना म्हणाली, "तुमी बोलनार होते नं?" मी दोनदा भात घेतला. रस्सा चांगला झाला होता. त्या जेवणाची मला जेवढी लाज वाटते तेवढी सभेतल्या वाक्याचीसुद्धा वाटत नाही. सभेत मी भ्यालो होतो. जेवताना भिण्यासारखं कोणीही समोर नव्हतं.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि गुरं वैनगंगेवर न्यावी लागली. ढिवरांची नऊ घरं गाव सोडून नदीकाठी गेली. सोमाजी ज्येष्ठात परत आला. खटला उभा राहिला नाही, पण नाव कुठल्याशा यादीत राहिलं. महिन्यातून एकदा शिपाई यायचा आणि तो घरी आहे की नाही ते बघून जायचा. गावात त्याला लाल सोमा म्हणू लागले. आधी चिडवायला, मग सवयीनं. दंडारीत राणीचं काम दुसऱ्याला दिलं. पोलिसाच्या यादीतल्या माणसाच्या शेजारी राजा व्हायला कोणी तयार नव्हतं. मला वाटे त्यानं एकदा माझ्या दारात उभं राहून शिव्या द्याव्या. तो भेटला की "राम राम गुरुजी" म्हणायचा आणि मान कलती करून पुढं जायचा.

सत्तावन्न साली तुडूम दुरुस्त करायला एक तरुण ओव्हरसिअर आला. आमचा जिल्हा तोवर मुंबई राज्यात गेला होता. दुरुस्ती झाल्यावर त्यानं शाळेच्याच पडवीत सभा घेतली आणि विचारलं, तळाच्या पाण्याचा काय नियम ठेवायचा? गुणवंतराव आता थकले होते. जमादार नवीन होता आणि सुपारी कातरत बसला होता. वातावरण मोकळं आहे हे मला बरोबर कळलं. अशा गोष्टी मला लवकर कळतात.

मी उठलो आणि बोललो. जिवंत धानाला पाळीनं पाच दिवस, मग खुंटी बंद, उरलेलं पाणी गुरांना आणि मासोळीला. किती दिवस, पाणी किती हात, किती बोटं, सगळं सांगितलं. मुखरू पाटलांनी मान डोलावली. लटारू म्हणाला, आमचंही हेच म्हणणं होतं. ओव्हरसिअर खूश झाला. "फार समतोल विचार आहे, गुरुजी. तुमच्याच डोक्यातून आला?"

सोमाजी त्याच खांबाशी बसलेला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर जमादाराची सुपारी थांबली असती आणि चांगल्या ठरावाला लाल रंग लागला असता, असं मी स्वतःला समजावलं. समजवायला फार वेळ लागला नाही.

"होय," मी म्हणालो. "बऱ्याच वर्षांपासून मनात होतं."

कागदावर माझं नाव लागलं. गावात त्या नियमाला निकुरे गुरुजींची पाळी म्हणतात, अजूनही.

सभेनंतर सोमाजी मला तलावाच्या वाटेवर भेटला. "चांगलं सांगतलं गुरुजी," तो म्हणाला. "ठरलं होतं तसंच सांगतलं."

"तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं मी."

"माझ्या नावानं बिघडलं असतं."

त्यानं मला मोकळं केलं, आणि मला बरं वाटलं. मोकळं वाटलं याचीच पुढं अनेक दिवस किळस येत राहिली. पण त्या क्षणी बरं वाटलं, हे खरं आहे.

या वर्षी, एकोणसाठच्या वैशाखात, सोमाजी तापानं गेला. दहाव्याला मी त्याच्या घरी होतो. त्याची मुलगी कुंता नदीकाठच्या गावाहून आली होती. पिंडाचं चाललेलं असतानाच शिपाई कागद घेऊन आला. यादीतून नाव कमी करायचं, तर माणूस मेला याबद्दल गावातल्या शिकलेल्या माणसाची सही पाहिजे. त्यानं कागद माझ्यासमोर धरला. मी सही केली. सोमाजीसाठी सरकारदरबारी मी केलेली ती एकच गोष्ट.

शिपाई गेल्यावर कुंता माझ्याजवळ येऊन बसली.

"गुरुजी, सासरी मले लाल सोमाची पोरगी म्हनते. माझा बाप खरंच त्या लोकायचा होता का?"

"नाही," मी म्हणालो. "तो कोणाचाच नव्हता. ती गोष्ट आम्ही दोघांनी मिळून मोजली होती. सभेत मी बोलायचं ठरलं होतं." सात वर्षांत पहिल्यांदा मी हे मोठ्यानं बोललो. चंदाबाई भिंतीशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, तिला माहीतच असावं.

"मंग काऊन नाई बोलले?"

"भ्यालो होतो, बाई."

"कोनाले?"

मी सांगायला तोंड उघडलं. गुणवंतरावांना म्हणावं, तर ते आता आपल्या हातानं भात कालवू शकत नाहीत. नायब तहसीलदार तर हसणारा, साधा माणूस होता. जमादाराचा चेहरा आठवून पाहिला, नुसती पेन्सिल आठवली. त्याचं नावही मला सांगता येईना. कुंता माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती.